डिस्चार्ज कार्डाच्या पुढचे तीन महिने

मामांना अँजिओप्लास्टीनंतर चौथ्या दिवशी साताऱ्याला घरी आणलं, तेव्हा फाईल चांगली जाडजूड होती. अँजिओग्राफीची सीडी, टू-डी इकोचा रिपोर्ट, स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर, सात गोळ्यांची यादी. व्यायामाबद्दल मात्र डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी इंग्रजीत एकच ओळ होती: नियमित चाला, जड कामं टाळा. किती चालायचं, कधीपासून, दम लागला तर काय करायचं, जड म्हणजे पाण्याची बादली की गव्हाचं पोतं, याचा कुठेच पत्ता नव्हता. मामींनी आपल्या परीने अर्थ लावला आणि मामांना दीड महिना पलंगावर बसवलं. चहा हातात, पेपर हातात. गेटपर्यंत निघाले की मागून मुलगा. रात्री छातीत जरा कळ आली की घरभर दिवे लागायचे.

त्या एका ओळीच्या जागी जे असायला हवं, त्याला वैद्यकात कार्डिॲक रिहॅबिलिटेशन म्हणतात, दवाखान्याच्या बोलीत नुसतं ‘रिहॅब’. साधारण बारा आठवड्यांचा हा कार्यक्रम असतो: मोजूनमापून वाढवलेला व्यायाम, गोळ्यांची शिस्त, बीपी-साखर-कोलेस्टेरॉलवर नजर, तंबाखू सोडवणं, खाणं सुधारणं आणि मनात बसलेली भीती काढणं. मुळात हे हॉस्पिटलातच चालायचं. ते घरच्या घरी, दुरून, फोनवरून करता येतं का, आणि येत असेल तर कोणाला, हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ तपासला जातोय. आपल्यासाठी तो आज महत्त्वाचा आहे, कारण स्टेंट आता जिल्ह्याच्या गावीही पडतात, पण त्यानंतरचं काहीच रुग्णाबरोबर घरी येत नाही.

मामींना दोष द्यावा, तर तो धडा वैद्यकानेच शिकवलेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे सक्तीने अंथरुणात ठेवत. हृदयाला जखम झाली आहे, ती भरेपर्यंत हालचाल नको, अशी समजूत. पाय न हलल्याने रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि झटक्यातून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावायचा. १९५२ साली बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलातल्या सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना लवकरच अंथरुणातून काढून आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसतं खुर्चीत बसवलं, पण त्या काळी तेही धाडस होतं. तीन वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे पॉल डडली व्हाइट स्वतः चालण्याचे आणि सायकलीचे भक्त. त्यांनी अध्यक्षांना हळूहळू कामाला लावलं, आणि पुढच्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडणूक जिंकले. मग १९६६ चा डॅलसचा प्रयोग. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जे नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! मामांचा दीड महिना या हिशेबात धरला की माझ्या पोटात गोळा येतो.

रिहॅबचा उपयोग होतो का, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचं सार काढते. तिच्या २०२१ च्या आढाव्यात ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामावर आधारित रिहॅबने हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले, पुन्हा झटका येणं आणि पुन्हा भरती व्हावं लागणंही कमी झालं. हेच काम एखाद्या नव्या गोळीने केलं असतं तर ती प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर दिसली असती.

पण माणसं जात नाहीत. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात रिहॅबची ३६ सत्रं बसतात, तरी पात्र रुग्णांपैकी जेमतेम चौथा हिस्सा एकदा तरी तिथे पोचतो. त्यातलाही चौथा हिस्साच सगळी सत्रं पुरी करतो. अंतर, नोकरी, सोबत न्यायला कोणी नसणं, ही सगळीकडची कारणं. आपल्याकडे तर विचारायलाच नको. गडचिरोलीचा माणूस स्टेंटसाठी नागपूरला जातो, सिंधुदुर्गातला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नाहीतर कोल्हापूर-मुंबईला. त्याला आठवड्यातून तीनदा व्यायामाला या म्हणणं ही थट्टाच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार जगातल्या २०३ देशांपैकी १११ देशांतच रिहॅबची काही ना काही सोय होती. भारत त्या १११ मध्ये येतो, पण ती सोय मोजक्या शहरांतल्या मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत आहे.

घरच्या रिहॅबचा पहिला नमुना मोबाइलच्या आधीचा. एडिनबरोमध्ये बॉब लेविन आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्यांसाठी सहा आठवड्यांची एक पुस्तिका बनवली, सोबत कॅसेट, आणि मधूनमधून चौकशी करणारा एक प्रशिक्षित माणूस. १७६ रुग्णांवरची ही चाचणी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुस्तिका मिळालेल्यांची चिंता आणि खिन्नता कमी झाली, डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी झाल्या, सहा महिन्यांतल्या पुन्हा भरती होण्याच्या वेळाही कमी झाल्या. एक पुस्तिका, एक कॅसेट, एक माणूस. पुढच्या तीस वर्षांत यंत्रं बदलली, पण या तिघांपैकी माणसाला पर्याय सापडला असं मला दिसलेलं नाही.

घर की केंद्र, याचा थेट सामना कॉक्रेनने २०२३ मध्ये पुन्हा मांडला: २४ चाचण्या, ३,०४६ रुग्ण. मृत्यू, श्रमक्षमता, जगण्याची गुणवत्ता, कशातही ठळक फरक नाही. घरी केलेलं रिहॅब केंद्रातल्याइतकंच चांगलं. बातमीत एवढंच येतं. बातमीत न येणारा भाग असा की या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण कमी धोक्याचे होते, बहुसंख्य पुरुष होते, आणि ‘घरी’ म्हणजे वाऱ्यावर सोडलेले नव्हते. आधी हॉस्पिटलात तपासणी, व्यायामाचं प्रमाण लिहून दिलेलं, मग फोन. आपल्याकडे ‘घरीच करा’चा अर्थ ‘तुमचं तुम्ही बघा’ असा होतो. त्या चाचण्यांचे आकडे अशा घराला लावता येत नाहीत.

मोबाइल आल्यावर चित्र पालटलं, निदान तसं वाटलं. ऑस्ट्रेलियात १२० रुग्णांवरच्या एका चाचणीत फोनवरून चालवलेला कार्यक्रम ८० टक्के लोकांनी पुरा केला, केंद्रातला ४७ टक्क्यांनी. न्यूझीलंडमध्ये १६२ रुग्णांच्या चाचणीत छातीला बांधलेला पट्टा हृदयाचे ठोके दूर बसलेल्या तज्ज्ञाला दाखवत होता. रुग्ण आपल्या गल्लीत चालतोय आणि तज्ज्ञ कानात सांगतोय, जरा हळू. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची क्षमता सारखीच, आणि दुरून चालवलेल्या कार्यक्रमाचा खर्च कमी. शांघायमध्ये स्टेंट टाकलेल्या ३१२ रुग्णांपैकी निम्म्यांसाठी वेगळं ॲप न काढता रोजच्या वापरातलं वीचॅटच घेतलं, आणि त्यांचं सहा मिनिटांत चालण्याचं अंतर नेहमीच्या उपचारातल्यांपेक्षा वीसेक मीटरने जास्त भरलं. वीस मीटर काही फार नव्हेत. पण आपल्या घराघरातल्या व्हॉट्सॲपचा विचार केला तर मला या साऱ्यांत हाच प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो.

नुसत्या मेसेजचं काय? सिडनीत ७१० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार मेसेज पाठवले. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, बीपी उतरलं, धूम्रपान चांगलंच घटलं. सगळे खूश. मग त्याच गटाने १,४२४ रुग्णांवर मोठी चाचणी केली, ती २०२२ मध्ये आली, आणि गोळ्या नियमित घेण्यात मेसेजमुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. पोलंडची चाचणी याहून महत्त्वाची. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या ८५० रुग्णांपैकी निम्म्यांना आठवडाभर हॉस्पिटलात शिकवलं आणि आठ आठवडे घरी. रोज व्यायामाआधी ईसीजी पाठवायचा, तो पाहून परवानगी मिळाली की सुरुवात. माणसांचा दम वाढला, जगणं सुधारलं. पण पुढच्या एक-दोन वर्षांत मृत्यू आणि भरतीचे दिवस दोन्ही गटांत सारखेच राहिले. नऊ आठवड्यांचं काम नऊ आठवड्यांनंतर सोडून दिलं तर ते किती टिकणार?

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या हॉस्पिटलांचा अनुभव आहे. १,१२० पात्र रुग्णांपैकी ४४ टक्क्यांनी घरचं रिहॅब घेतलं, आणि सुमारे चार वर्षांत त्यांच्यातला मृत्यूचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा डोळ्यांत भरतो. पण इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्यांनी रिहॅबला हो म्हटलं, ते गोळ्या वेळेवर घेणारेही असणार. मी या ३६ चे निम्मे गुण देईन.

पंपिंग कमी असलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये २१६ रुग्णांवर झालेली रीच-एचएफ चाचणी मला विशेष वाटते, ती एका छोट्या गोष्टीमुळे. रुग्णाच्या पुस्तिकेबरोबर घरच्यांसाठीही एक वेगळी पुस्तिका होती. काळजी घेणाऱ्याने काय करायचं, काय करायचं नाही, आणि स्वतःकडे कसं बघायचं. वर्षभरानंतर रुग्णांचं जगणं सुधारलेलं दिसलं. आमच्या मामींच्या हातात तशी मराठी पुस्तिका पडली असती, तर तो दीड महिना वाचला असता.

भारताचं काय, तर आपला रुग्ण आधी तरुण. २००८ साली आलेल्या क्रिएट नोंदवहीत ८९ हॉस्पिटलांतले २० हजारांवर रुग्ण होते आणि त्यांचं सरासरी वय साडेसत्तावन्न. म्हणजे पुष्कळसे कमावते, शेतावर जाणारे, रिक्षा चालवणारे. त्यांना ‘जड कामं टाळा’ सांगणं म्हणजे घर चालवू नका सांगणं. आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग योगाचा. योगा-केअर नावाच्या या चाचणीत देशातल्या २४ केंद्रांमधले ३,९५९ रुग्ण होते. बारा आठवड्यांत तेरा वर्ग आणि बाकी घरी सराव. मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा तातडीची भरती, असं काही ना काही योगाच्या गटात ६.७ टक्क्यांना झालं, दुसऱ्या गटात ७.४ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नाही. योगाने पुढचा झटका टळतो असं या चाचणीने सिद्ध केलं नाही, मग व्हॉट्सॲपवर काहीही फिरो. मात्र योग करणारे आपल्या आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात वळले आणि त्यांना बरं वाटलं. ज्या देशात ट्रेडमिल नाही पण चटई आहे, तिथे हे थोडं नव्हे. दुसरा प्रयोग गाजला नाही, पण कामाचा आहे. १४ हॉस्पिटलांतल्या ८०६ रुग्णांपैकी निम्म्यांमागे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते वर्षभर लागले. त्यांनी गोळ्यांची विचारपूस केली, वही तपासली, व्यसनाबद्दल बोलले. वर्षाअखेर गोळ्या नियमित घेणारे त्यांच्यात ९७ टक्के होते, दुसऱ्या गटात ९२, आणि बीपीही त्यांचं कमी भरलं. हे कार्यकर्ते डॉक्टरही नव्हते, फिजिओथेरपिस्टही नव्हते.

मामांकडे परत येतो. माझ्या मावसबहिणीची मुलगी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. तिला कळलं तेव्हा तिने आधी मामांच्या हृदयतज्ज्ञांकडून स्ट्रेस टेस्ट करून घ्यायला लावली. रिपोर्ट आल्यावर सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सात, व्हिडिओ कॉल ठरला. पहिल्या दिवशी तिने काय केलं असेल? पार्किंगमधल्या दोन खांबांमधलं अंतर मुलाला टेपने मोजायला सांगितलं. दहा मीटर भरलं. एका खांबाशी खुर्ची ठेवायला लावली. मग म्हणाली, ‘आजोबा, सहा मिनिटं, तुमच्या चालीने. थांबावंसं वाटलं तर थांबा, घड्याळ चालूच राहील.’ मुलगा खडूने रेघा मारत होता. एकोणतीस रेघा, म्हणजे २९० मीटर. हॉस्पिटलात हीच चाचणी तीस मीटरच्या मोकळ्या वाटेवर घेतात. पार्किंगमध्ये दर दहा मीटरला वळावं लागतं, त्यामुळे आकडा कमी येतो. म्हणून तो दुसऱ्या कोणाशी लावायचा नाही, आपलाच आपल्याशी लावायचा.

मुलाने वडिलांसाठी भारी स्मार्ट वॉच आणलं होतं. तिने ते बाजूला ठेवायला सांगितलं. मामांना मेटोप्रोलोल चालू होतं, ते ठोक्यांना लगाम घालतं. घड्याळ ८८ दाखवतं आणि माणूस धापा टाकत असतो. अशा वेळी आकड्यापेक्षा जीभ खरी. स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी श्रम किती वाटतात याचं ६ ते २० चं मोजमाप केलं आहे, त्यात ११ ते १३ च्या आसपास राहायचं. मामांना ते पाठ होईना, तेव्हा तिने सोपं केलं: चालताना शेजाऱ्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे, अभंगाला चाल लावता येता कामा नये. अभंग जमतोय, तर वेग वाढवा. वाक्य तुटतंय, तर कमी करा. मनगटावरच्या घड्याळाबद्दल आणखी एक: त्यातला ईसीजी ठोक्यांची अनियमितता दाखवू शकतो, हार्ट ॲटॅक येतोय की नाही हे सांगू शकत नाही. छाती भरून आली असताना ‘घड्याळ नॉर्मल दाखवतंय’ म्हणून बसून राहणं जिवावर बेतू शकतं.

गुरुवारच्या कॉलला ती वजन विचारायची, बीपी विचारायची, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून खळगा पडतो का ते कॅमेऱ्यात दाखवायला सांगायची. पंपिंग कमी असलेल्यांचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर ती चरबी नव्हे, साठलेलं पाणी. साध्या वजनकाट्याइतकं स्वस्त यंत्र या साऱ्या प्रकरणात दुसरं नाही. लोणच्याच्या बरणीचीही तिने चौकशी केली, तेव्हा मामी कॅमेऱ्यासमोरून उठून गेल्या. बारा आठवड्यांनी त्याच खांबांमध्ये एकेचाळीस रेघा झाल्या. मामा दुसऱ्या दिवशी एकटे मंडईत गेले.

हे सगळ्यांना चालतं असं नाही. विश्रांतीतही छातीत दुखणं, अलीकडेच वाढलेली धाप, न आवरलेलं बीपी, ठोक्यांची धोकादायक अनियमितता, झडपेचं तीव्र आकुंचन, व्यायाम करताना आलेली चक्कर, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. पंपिंग फारच कमी असलेल्यांनी सुरुवातीचे काही आठवडे तरी कोणाच्या डोळ्यांसमोर व्यायाम करावा. बायपास झालेल्यांचं गणित वेगळं. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर दुचाकी नाही, बादली नाही, दोन्ही हातांनी जोर लावून जमिनीवरून उठणं नाही, आणि खोकताना उशी छातीशी कवटाळायची. देखरेखीखालच्या रिहॅबमध्ये हृदय बंद पडण्याचं प्रमाण साधारण १ लाख १६ हजार रुग्ण-तासांमागे एक असं नोंदलेलं आहे, म्हणजे भीती आहे त्यापेक्षा पुष्कळ कमी. तरी घरी चालताना जिभेखालची गोळी खिशात हवी. दुखलं तर बसायचं, गोळी ठेवायची, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

बायकांबद्दल चाचण्या फारशा बोलत नाहीत, कारण त्यांत बायका थोड्याच असतात. केंद्रात त्यांना कमी पाठवलं जातं आणि गेल्या तरी त्या मध्येच सोडतात. घरचं रिहॅब त्यांना सोयीचं, असं कागदावर वाटतं. पण ज्या घरात बाई दिसली की चहा लागतो, तिथे तिची अर्धी घटका कोण राखणार? ‘घरकाम करतेच की दिवसभर, वेगळा व्यायाम कशाला,’ हे मी सुशिक्षित घरात ऐकलं आहे. भांडी घासताना हृदयाचे ठोके ठरल्या मापाने वाढत नाहीत. ओट्याशी तासभर उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही.

आता पैसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, आणि ते योग्यच होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीने डॉक्टरचा फोनवरचा सल्ला कायदेशीर चौकटीत आला. म्हणजे स्टेंट आहे, गोळ्या आहेत, रुग्णाच्या खिशात फोन आहे. बारा आठवडे सोमवार-गुरुवार फोन करणाऱ्या माणसाला मात्र बिलात रकाना नाही, निदान मी पाहिलेल्या कुठल्याच बिलात नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम हॉस्पिटल करत नाही. मग ते एखाद्याच्या नात्यातल्या मुलीवर पडतं, नाहीतर पडतच नाही. माझ्या मते आपल्याला नवीन ॲप नको आहे. चांगली मराठी पुस्तिका, दर जिल्ह्यात शिकवलेले दहा-पंधरा फिजिओथेरपिस्ट आणि नर्स, आणि त्यांच्या फोनचे पैसे देणारी एक ओळ, एवढ्याने नव्वद टक्के काम होईल. उरलेल्या दहा टक्क्यांना केंद्रच लागेल, त्यांच्यासाठी केंद्रं वाढवा.

तोवर तुमच्या घरी ही वेळ आली, तर डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्या: पहिल्या आठवड्यात किती मिनिटं चालायचं, व्यायाम वाढवण्याआधी कोणती तपासणी लागेल, आणि दर आठवड्याला फोन कोण करणार. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टचा नंबर घेऊनच हॉस्पिटलाची पायरी उतरा.